गुदद्वाराची शस्त्रक्रिया आणि शौचावरचा ताबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळव्याध, फिशर (गुदद्वाराची चीर) किंवा भगंदराचं (गुदद्वाराजवळ पू वाहणाऱ्या नळीचं) ऑपरेशन ठरलं की रुग्ण पहिल्यांदा विचारतो, ‘परत होणार नाही ना?’ दुसरा प्रश्न सोबतचं माणूस औषधं आणायला बाहेर गेलं की येतो, तोही खालच्या आवाजात: ‘डॉक्टर, कंट्रोल तर जाणार नाही ना?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न आधी यायला हवा, आणि रुग्णाने विचारायची वाट न बघता सर्जननेच तो काढायला हवा. भगंदर परत झाला तर परत उपचार करता येतात. कापलेला स्नायू मात्र पहिल्यासारखा करून देता येत नाही. खालची बहुतेक उत्तरं या फरकातून आली आहेत.

कंट्रोल म्हणजे नेमकं काय? आत एखादी झडप असते का?

एक झडप नसते, निदान चार-पाच गोष्टी मिळून हे काम करतात. गुदमार्ग जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर लांब. त्याभोवती स्नायूंची दोन कडी असतात, एकात एक. आतलं कडं आपल्या इच्छेवर चालत नाही, झोपेतही ते आवळलेलंच असतं. एरवी गुदद्वार मिटलेलं राहतं त्यात साधारण ७० टक्के वाटा या आतल्या कड्याचा. बाहेरचं कडं आपल्या हुकमातलं. एसटीत बसलोय, कळ आली आणि स्टँड अजून लांब आहे, तेव्हा आपण आवळतो ते हे. त्याच्या वरच्या अंगाला स्नायूचा एक पट्टा गुदाशयाला (गुदमार्गाच्या वरच्या, शौच साठवणाऱ्या भागाला) मागून गोफणीसारखा वेढून पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे एक कोन तयार होतो. शौचाला बसलं की हा पट्टा सैल पडतो आणि वाट सरळ होते.

याशिवाय अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. नळाच्या तोटीत वायसर जे काम करतो तेच काम त्या इथे करतात, शेवटची बारीक फट बुजवतात. या गाद्या फुगून खाली घसरल्या की आपण त्यांनाच मूळव्याध म्हणतो.

आणि मग जाणीव. गुदाशयात काही उतरलं की आतलं कडं क्षणभर सैलावतं, उतरलेलं जे असेल ते तिथल्या संवेदनशील अस्तराला टेकतं, आणि हा वारा आहे, पातळ आहे की घट्ट, हे मेंदूला कळतं. दिवसातून अनेकदा हे घडतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. सुश्रुतसंहितेत गुदाच्या तीन वळी सांगितल्या आहेत: प्रवाहिणी, विसर्जनी आणि संवरणी. ढकलणारी, बाहेर टाकणारी आणि मिटून घेणारी. आजच्या शरीररचनेशी त्या एकास एक जुळवायचा अट्टहास करू नये. पण सोडणं आणि धरणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या काळी नीट ओळखलं होतं.

ताबा गेला म्हणजे कपड्यात संडास होणं, असंच ना?

ते शेवटचं टोक. त्याच्या खूप आधी तक्रारी सुरू होतात: चारचौघांत वारा थांबवता न येणं, अंतर्वस्त्राला डाग पडणं, शौचाला जाऊन धुऊन आल्यावर तासाभराने पुन्हा ओलं लागणं, कळ आल्यावर दोन मिनिटंही दम न धरवणं. न कळत डाग पडत असेल तर बहुधा आतल्या कड्यात बिघाड असतो. कळतं, पण थांबवता येत नाही, असं असेल तर बाहेरच्या कड्याकडे बघावं लागतं.

‘गॅसचं काय एवढं’ असं म्हणणारे डॉक्टरही आहेत. वर्गात शिकवणाऱ्या बाईंना, भजनाला मांडी घालून बसणाऱ्या आजोबांना विचारा. लोक माणसांत जायचं सोडतात आणि कारण कुणालाच सांगत नाहीत.

ऑपरेशनआधी ताबा तपासण्याची गरजच काय? मला तर काही त्रास नाही.

त्रास नसणं आणि शिल्लक भरपूर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन बाळंतपणं झालेल्या पन्नाशीच्या बाईच्या स्नायूला जुनी इजा असू शकते. उरलेल्या स्नायूवर तिचं रोजचं भागतंय, म्हणून तिला तक्रार नाही. अशा वेळी ‘थोडासाच’ स्नायू कापला तरी काठावरचं गाडं खाली येतं. म्हणून आधीची नोंद हवी.

ती नोंद प्रश्नांपासून सुरू होते. बाळंतपणं किती, चिमटा लावला होता का, टाके मागेपर्यंत गेले होते का. आधी गुदद्वाराचं कुठलं ऑपरेशन झालं आहे का. मधुमेह, पाठीच्या कण्याचा त्रास, जुनाट जुलाब, ओटीपोटावर रेडिएशन. मग गुणांकन. जगभर सगळ्यात जास्त वापरला जाणारा वेक्सनर स्कोअर १९९३ सालचा आहे आणि तो काढायला पाच मिनिटं पुरतात. घट्ट शौच, पातळ शौच आणि वारा यांवरचा ताबा, पॅड वापरावा लागतो का, आणि रोजच्या जगण्यात बदल करावा लागला का, असे पाच प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण. एकूण ० म्हणजे पूर्ण ताबा, २० म्हणजे अजिबात नाही. ऑपरेशनआधी आणि नंतर हाच स्कोअर काढला तर फरक कागदावर दिसतो. नाहीतर सहा महिन्यांनी रुग्ण म्हणतो ‘ऑपरेशननंतर सुरू झालं’, डॉक्टर म्हणतात ‘आधीपासूनच असेल’, आणि दोघांच्याही हातात काही नसतं.

बोट घालून तपासणं टाळता येईल का?

बहुतेक वेळा टाळू नये. सरावलेलं बोट अर्ध्या मिनिटात बरंच सांगून जातं: एरवीचा आवळ किती, आवळायला सांगितल्यावर जोर किती येतो, जोर करायला सांगितल्यावर स्नायू सैल पडतो की उलट घट्ट होतो, कुठे खड्डा किंवा जुना व्रण लागतो का. मात्र ताज्या फिशरमध्ये बोटाचा स्पर्शही सहन होत नाही. तेव्हा बाहेरून बघून निदान करावं आणि आतली तपासणी दुखणं कमी झाल्यावर किंवा भूल दिल्यावर करावी. स्त्री रुग्णाने तपासणीच्या वेळी सोबत नर्स किंवा घरची बाई मागावी. तो तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

एमआरआय, सोनोग्राफी, मॅनोमेट्री... एवढं सगळं खरंच लागतं?

सगळ्यांना नाही. साध्या मूळव्याधीला यातलं काहीही लागत नाही.

भगंदर वरवरचा नसेल, परत झालेला असेल किंवा त्याला अनेक तोंडं असतील तर एमआरआय करावाच, असं माझं ठाम मत आहे. नळी कुठल्या स्नायूतून किती उंचावरून जाते आणि कुठे लपलेला पू आहे, हे त्यात दिसतं. गुदमार्गातून करायची सोनोग्राफी स्नायूंसाठी फार चांगली. आतलं कडं त्यात काळ्या वर्तुळासारखं दिसतं, बाहेरचं त्याभोवती उजळ, आणि वर्तुळ कुठे तुटलंय ते घड्याळाच्या काट्यासारखं सांगता येतं: ‘१० ते २च्या मध्ये फट आहे’. बाळंतपणातली जुनी इजा शोधायला यासारखी तपासणी नाही.

मॅनोमेट्रीत दाब मोजणारी बारीक नळी आत ठेवतात. भूल लागत नाही, साधारण अर्ध्या तासात होतं, दुखत नाही. एरवीचा दाब, आवळल्यावरचा दाब, फुगा फुगवल्यावर जाणीव कधी होते, आतलं कडं प्रतिक्षिप्त क्रियेने सैलावतं का, हे त्यात कळतं. नुसत्या आकड्यावर जाऊ नये एवढंच. कमी दाब असूनही ठणठणीत असणारी माणसं असतात आणि चांगला दाब असून त्रस्त असणारीही. ज्यांचा ताबा आधीच काठावर आहे, किंवा ज्यांचा स्नायू कापण्याचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी ही तपासणी निर्णय बदलू शकते.

भगंदराच्या ऑपरेशनची सगळ्यात जास्त भीती वाटते. ती खरी आहे का?

काही अंशी खरी आहे, कारण भगंदराची नळी बऱ्याचदा स्नायूतूनच जाते. गुदमार्गाच्या आतल्या बारीक ग्रंथीत जंतुसंसर्ग होतो, पू वाट शोधत बाहेरच्या कातडीपर्यंत येतो, आणि ती वाट बुजत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले सर ॲलन पार्क्स यांनी १९७६ साली या वाटांचे चार मुख्य प्रकार मांडले. नळी दोन कड्यांच्या मधूनच उतरते, बाहेरच्या कड्यातून आरपार जाते, त्याच्यावरून वळसा घालते, किंवा स्नायूंच्या पूर्ण बाहेरून जाते. आजही सर्जन भगंदराबद्दल याच भाषेत बोलतात, कारण ही वाट कळली की किती स्नायू पणाला लागलाय तेही कळतं.

नळी खालच्या पातळीवर असेल आणि तिने जेमतेम थोडाच स्नायू व्यापला असेल, तर ती उघडून टाकणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. जखम तळापासून भरत येते आणि भगंदर परत होण्याचं प्रमाण कमी राहतं. अशा भगंदराला महागडं यंत्र लावून पैसे खर्च करू नयेत.

उंच नळी, किंवा बाईच्या पुढच्या बाजूची नळी, हा वेगळा मामला. बाईचं बाहेरचं कडं पुढच्या बाजूला आखूड असतं आणि गोफणीसारखा पट्टाही तिथे नसतो. पुरुषाच्या मागच्या बाजूला जेवढं कापून निभावतं, तेवढंच बाईच्या पुढच्या बाजूला कापलं तर आयुष्यभराचं दुखणं होऊ शकतं. इथे आधी नळीत सैल दोरा घालून पू वाहता ठेवतात, सूज उतरू देतात, आणि मग स्नायू न कापणारी पद्धत निवडतात. बँकॉकच्या अरुण रोजानासकुल यांनी २००७ साली मांडलेल्या लिफ्ट पद्धतीत दोन कड्यांच्या मधल्या जागेत शिरून नळी तिथेच बांधतात आणि तोडतात, स्नायू तसाच राहतो. दुसऱ्या पद्धतीत आतलं तोंड अस्तराच्या झडपेने झाकतात. दुर्बिणीतून नळी आतून जाळणं आणि लेझर, हे त्यानंतरचे.

या सगळ्या पद्धतींत ताबा चांगला राखला जातो, पण भगंदर परत होण्याची शक्यता उघडून टाकण्यापेक्षा जास्त असते. हा सौदा ऑपरेशनआधी रुग्णाला स्वच्छ शब्दांत सांगितला पाहिजे. ‘लेझर आहे, शंभर टक्के गॅरंटी’ असं कुणी म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

क्षारसूत्राने स्नायू कापला जात नाही, हे खरं का?

असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. क्षारसूत्रही कापतं, पण हळूहळू. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून २१ लेप देतात. दोरा नळीतून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर नळी कापली जाते आणि कापलेल्या भागामागे जखम भरत येते. त्यामुळे स्नायूची टोकं एकदम दूर पळत नाहीत, मधे तंतू धरून राहतात. त्याची खरी खुबी ही आहे.

जुन्या ग्रंथांतलं हे तंत्र १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा पद्धतशीर वापरात आणलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ साली निष्कर्ष छापले: भगंदर परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. भरायला लागणारा वेळ मात्र क्षारसूत्रात ८ आठवडे, शस्त्रक्रियेत ४. मी स्वतः चाकू धरणारा सर्जन आहे, पण हे आकडे पाहिल्यावर क्षारसूत्राकडे नाक मुरडायला जागा उरत नाही.

तरीही दोरा बांधण्याआधी नळीची वाट माहीत हवी. उंच नळीत कापणारा दोरा, मग तो कुठलाही असो, शेवटी तेवढाच स्नायू ओलांडतो. एमआरआय न बघता, आतलं तोंड न शोधता जबरदस्तीने दोरा ओवला तर नवी खोटी वाट तयार होते. क्षारसूत्र शिकलेल्या, पदवी असलेल्या वैद्याकडेच जावं.

डॉक्टरांनी सैल दोरा घालून तसाच ठेवलाय. हे काय उपचार झाले?

झाले. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारातल्या भगंदराला तर काही वेळा महिनोन्‌महिने हाच उपचार असतो. पू साठत नाही, दुखत नाही, ताबा शाबूत राहतो. दोऱ्यासह माणूस नोकरी करतो, प्रवास करतो.

फिशरमध्ये ‘स्नायू थोडा कापू’ म्हणाले. कापू द्यावा का?

आधी हे विचारा की औषधं पुरेसे दिवस झाली का. फिशरमध्ये आतलं कडं नको तितकं आवळलेलं असतं, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि चीर भरत नाही. डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम, इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणं, हे ६ ते ८ आठवडे मनापासून करावं. नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखतं, म्हणून बरेच जण चार दिवसांत सोडून देतात. सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, मलम बदलता येतं. त्यानंतर स्नायू तात्पुरता सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन हा पर्याय आहे. त्याचा परिणाम साधारण तीन महिन्यांत ओसरतो, त्यामुळे ताबा ढिला पडला तरी बहुतेकदा तो परत येतो.

एवढं करूनही भरलं नाही तर आतल्या कड्याचा खालचा थोडा भाग बाजूने कापण्याचं ऑपरेशन चांगलं आहे. दहातल्या नऊहून जास्त रुग्णांची चीर भरते आणि दुखणं दुसऱ्या दिवशीच पळतं. पण मूठभर रुग्णांत वारा किंवा डाग यांचा त्रास राहतो. म्हणून चिरेच्या लांबीपेक्षा जास्त कापू नये, असा माझा आग्रह असतो. बाळंतपणानंतर पुढच्या बाजूला झालेल्या फिशरमध्ये स्नायू बऱ्याचदा मुळात आवळलेलाच नसतो. तिथे तो कापणं चूक. तिथे शेजारची कातडी सरकवून चीर झाकतात.

पूर्वी भूल देऊन बोटांनी गुदद्वार जोरात ताणायची पद्धत होती. १९६८च्या सुमारास लॉर्ड नावाच्या सर्जनने ती मूळव्याधीसाठी लोकप्रिय केली, फिशरलाही ती सर्रास वापरली गेली. ताण किती आणि कुठे पडतोय यावर कुणाचाच ताबा नसे. सोनोग्राफी आल्यावर अशा रुग्णांत स्नायू जागोजागी फाटलेले दिसले. आजही कुणी ‘नुसतं ताणून देतो, टाका नाही’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

मूळव्याधीच्या ऑपरेशनने ताबा जाऊ शकतो का? तिथे तर स्नायू कापत नाहीत.

नीट केलं तर सहसा जात नाही. वर म्हटल्याप्रमाणे त्या गाद्यांनाही काम असतं, म्हणून सगळंच साफ करून टाकण्याचा उत्साह बरा नाही. १८८२ साली व्हाइटहेड यांनी गाद्यांचा पूर्ण गोल पट्टाच काढून टाकायची पद्धत सांगितली. त्यात पुढे आतलं अस्तर बाहेर येऊन गुदद्वार कायम ओलं राहायचं, किंवा ते आकसायचं. १९३७ साली मिलिगन आणि मॉर्गन यांनी तीन गाद्या वेगवेगळ्या काढून मधे कातडीचे पूल ठेवायचा धडा घातला, तो आजही चालू आहे. ते पूल राखणं ही ऑपरेशनमधली सगळ्यात महत्त्वाची शिस्त.

पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या मूळव्याधीला ऑपरेशनच नको असतं. इसबगोल, सवयी, फार तर ओपीडीत रबर बँड. स्टेपलर यंत्राने गाद्या वर ओढून टाचण्याच्या पद्धतीनंतर काही जणांना काही महिने कळ अनावर येते, हे आधी सांगून ठेवायला हवं.

‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये मूळव्याध बरी’ अशा जाहिराती दिसतात. जावं का?

रिक्षाच्या मागे, भिंतीवर, एसटी स्टँडच्या मुतारीत लावलेल्या या जाहिराती वाचून गेलेले रुग्ण आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. जाळणारं द्रव्य प्रमाणाबाहेर टोचलं की अस्तराबरोबर खालचा स्नायूही जळतो. मग गुदद्वार इतकं आकसतं की करंगळीही शिरत नाही, आणि आकसूनही गळत राहतं, कारण उरतो तो मिटू न शकणारा कडक व्रण. त्याला दुरुस्त करणं हे आमच्या कामातल्या सगळ्यात अवघड गोष्टींपैकी एक आहे. डॉक्टरांशीही लपूनछपून बोलणाऱ्या समाजात असे जाहिरातवाले चालतात, कारण तिथे नाव-गाव न सांगता आत शिरता येतं. या माणसांवर मला राग येतो, रुग्णांवर नाही. ज्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाटीवर दिसत नाही, त्याच्यासमोर कपडे उतरवू नका.

बाळंतपणात मागेपर्यंत टाके पडले होते. आता काय काळजी घेऊ?

कुठल्याही गुदद्वाराच्या ऑपरेशनआधी हे आठवणीने सांगा, वीस वर्षं झाली असली तरी. १९९३ साली लंडनमध्ये पहिलटकरणींची बाळंतपणाआधी आणि नंतर सोनोग्राफी केली, तेव्हा योनीमार्गे बाळंत झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या स्नायूत इजा दिसली. तक्रार मात्र १३ टक्क्यांनाच होती. म्हणजे बाहेरून काही दिसत नाही, सांगण्यासारखं काही नाही, आणि आत फट आहे, असं बऱ्याच जणींचं असतं. पाळी गेल्यावर स्नायूंचा जोर ओसरतो आणि तीच फट बोलायला लागते.

तिसऱ्या किंवा चौथ्या प्रतीची, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली फाट झाली असेल तर पुढच्या बाळंतपणाआधी सोनोग्राफी आणि शक्य असेल तिथे मॅनोमेट्री करून, सिझेरियन करावं का हे प्रसूतितज्ज्ञांशी ठरवा. ‘बायकांना होतंच असं’ हे उत्तर सासूकडून आलं किंवा डॉक्टरांकडून, ते मान्य करू नका.

बाळाला जन्मतः गुदद्वारच नाही. पुढे त्याला ताबा येईल का?

साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात असं असतं. १९८२ साली मांडलेल्या, सर्जन पेन्या यांच्या पद्धतीत मागून बरोबर मध्यरेषेत शिरतात आणि विजेच्या उत्तेजकाने स्नायू कुठे आकुंचन पावतो ते बघत गुदमार्ग नेमका त्याच्या मधोमध बसवतात. ताबा किती येईल हे पाठीच्या खालच्या मणक्यांची आणि नसांची वाढ कशी आहे यावर फार अवलंबून असतं. खालच्या पातळीच्या दोषांत तो चांगला येतो. उंचावरच्या दोषांत रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन मूल शाळेत स्वच्छ राहील अशी घडी बसवता येते. बालशल्यचिकित्सकांचा हात धरून राहा, मोठं होईपर्यंत.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटावर लावायची शौचाची कायमची पिशवी टळते का?

आता बऱ्याच जणांची टळते. १९०८ साली माइल्स यांनी गुदद्वारासकट सगळं काढायचं ऑपरेशन सांगितलं, आणि कित्येक दशकं तोच नियम होता. १९८२ साली इंग्लंडमध्ये बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्याभोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड, नसा सांभाळत काढायचं तंत्र मांडलं. त्याने कॅन्सर परत येणं कमी झालं आणि खालच्या टोकाशी जोडणंही शक्य झालं. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी पुढचं पाऊल टाकलं: किमो आणि रेडिएशनने गाठ पूर्ण नाहीशी झाली तर ऑपरेशन न करता काटेकोर नजर ठेवायची. हे सगळ्यांना लागू नाही आणि तपासण्या चुकवणाऱ्या रुग्णाला तर अजिबात नाही. गुदमार्गाच्या कॅन्सरची गोष्ट आणखी वेगळी. १९७४ साली अमेरिकेत निग्रो यांनी आधी किमो-रेडिएशन दिलं आणि मग काढलेल्या भागात कॅन्सर सापडलाच नाही. तेव्हापासून त्या कॅन्सरमध्ये बहुतेकांचं गुदद्वार काढावंच लागत नाही.

पण ‘पिशवी टळली’ म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नाही. साठवणीची जागाच कमी झालेली असते. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागणं, एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा, कळ न थांबणं, याला लार्स म्हणतात. २०१२ साली डेन्मार्कमध्ये त्याचा ० ते ४२ गुणांचा स्कोअर तयार झाला. ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे त्रास मोठा. ज्याचा स्नायू आधीच दुबळा आहे, वय झालंय, संडास घरापासून लांब आहे, त्याला नीट बसवलेली पिशवी जास्त मोकळं आयुष्य देऊ शकते. मी स्वतः रुग्णाला पिशवी लावलेल्या माणसाशी बोलायला सांगतो आणि मग निर्णय विचारतो.

ऑपरेशननंतर थोडं गळतंय. घाबरू का?

पहिले काही आठवडे जखमेतून पाणी येतं, सूज असते, वाराही कधी निसटतो. बऱ्याच जणांचं ते आपोआप थांबतं. तीन महिने उलटूनही चालू असेल, किंवा आधी थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर ‘बघू’ म्हणू नका. ताप, वाढता ठणका, लघवी अडणं किंवा गुठळ्यांसह रक्त, यापैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

ताबा कमी झालाच, तर परत मिळवता येतो का?

बऱ्यापैकी, आणि सुरुवात ऑपरेशनने करायची नसते. शौच घट्ट बांधलेलं आलं की दुबळा स्नायूही ते धरतो. म्हणून इसबगोल, पण थोड्या पाण्यातून, आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध. चहा, दूध, तेलकट यातलं काय बिघडवतं ते दोन आठवडे वहीत लिहून बघा, अंदाजाने सगळंच बंद करू नका.

व्यायाम असा: वारा अडवल्यासारखं गुदद्वार वर ओढून घ्या, पाच सेकंद धरा, दहा सेकंद सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या, ढुंगण आणि पोट आवळू नका, श्वास चालू ठेवा. निकाल दिसायला दोन-तीन महिने लागतात. नेमका स्नायू सापडत नसेल तर बायोफीडबॅकमध्ये पडद्यावर बघत तो शिकता येतो.

स्नायूत एकच स्पष्ट फट असेल तर टोकं एकावर एक घेऊन शिवतात. सुरुवातीला चांगलं वाटतं, मात्र पाच-दहा वर्षांत फायदा उतरत जातो, हे आधी सांगायला हवं. कमरेखालच्या नसांना उत्तेजना देणारं यंत्रही आहे. आधी तात्पुरती तार घालून काही दिवस बघतात आणि त्रास निम्म्यावर आला तरच कायमचं बसवतात. खर्च मोठा आहे. यातलं काही लागू पडत नसेल तर पिशवी, आणि ती हार नव्हे.

सर्जनला नेमकं काय विचारू?

माझी नळी किंवा चीर किती स्नायू व्यापते? तुम्ही किती कापणार? न कापण्याचा पर्याय कोणता, आणि त्यात परत होण्याची शक्यता किती? माझा आजचा स्कोअर किती, आणि तो कागदावर लिहिलाय का? या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही.

ताबा अजून पुरता आलेला नाही. लग्नाला, वारीला जाता येईल का?

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आणि तीन आठवडे, त्यामुळे पहिल्या वर्षी पूर्ण वारीऐवजी दोन-तीन मुक्काम चालून बघा. जेवणानंतर आणि सकाळच्या गरम चहानंतर आतडी हलतात, म्हणून चहा घेऊन अर्धा तास जागेवर थांबा, शौचाला जाऊन या आणि मग निघा. ज्यांना जमतं त्यांनी निघण्याआधी छोटा एनिमा घ्यावा, बऱ्याच जणांचे पुढचे काही तास निर्धास्त जातात. लोपेरामाइड कधी आणि किती, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. मुक्कामाला पोचलात की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवा. पिशवीत दोन अंतर्वस्त्रं, पॅड, पाण्याची बाटली, कातडी सोलवटू नये म्हणून झिंकचं मलम आणि एक गडद रंगाचं धोतर किंवा साडी. सोबतच्या एका तरी माणसाला खरं कारण सांगून ठेवा, म्हणजे दिंडीतून अचानक बाजूला व्हावं लागलं तर कुणी शोधत फिरणार नाही.